नाशिकची नोकरी, मुंबईचा प्रस्ताव: एका कुटुंबाच्या निर्णयाचा अभ्यास

मे २०२५ मध्ये नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत काम करणाऱ्या, चाळिशीच्या उंबरठ्यावर असलेल्या एका अभियंत्यांना मुंबईतील नोकरीचा प्रस्ताव आला आणि होकार-नकार कळवण्यासाठी त्यांना महिनाभराची मुदत मिळाली. घरात पत्नी, नववीत जाणारी मुलगी आणि सत्तरी ओलांडलेली आई. पत्नी नाशिकच्याच एका अनुदानित माध्यमिक शाळेत कायम शिक्षिका आहेत. इंदिरानगर भागातील टू बीएचके फ्लॅटचे कर्ज अजून फिटलेले नाही आणि त्याचा हप्ता दरमहा २२ हजार रुपये जातो. कुटुंबाची ओळख उघड होऊ नये म्हणून नावे आणि कंपन्या येथे दिलेल्या नाहीत. या निर्णयाच्या काळात त्यांचा हिशेब मांडून देण्याचे काम माझ्याकडे होते आणि तो हिशेब ज्या क्रमाने उलगडत गेला, त्याच क्रमाने तो येथे मांडत आहे.

प्रस्तावाचा आकडा वर्षाला २१ लाखांचा होता आणि त्यांचे नाशिकचे वार्षिक पॅकेज साडेबारा लाखांचे. नातेवाइकांपासून सहकाऱ्यांपर्यंत सगळ्यांच्या डोळ्यांपुढे साडेआठ लाखांची वाढ होती आणि ‘एवढी संधी कोण सोडतो’ हे वाक्य त्या दिवसांत त्यांनी अनेकांकडून ऐकले. मात्र पॅकेजचा, म्हणजे सीटीसीचा आकडा हा कंपनीचा खर्च असतो, तो हातात पडणारा पगार नसतो. त्यामुळे ऑफर लेटरच्या शेवटच्या पानावरचा वेतनाचा तक्ता आम्ही आधी ओळीओळीने वाचला. मूळ वेतन ८ लाख ४० हजार. त्यावर कंपनीने भरायचा भविष्य निर्वाह निधीचा हिस्सा सुमारे १ लाख, ग्रॅच्युइटीची तरतूद ४० हजार आणि कामगिरीवर अवलंबून असलेला, वर्षाच्या अखेरीस मिळणारा १० टक्के भाग २ लाख १० हजार, हे सगळे त्या २१ लाखांतच धरलेले होते. निधी, ग्रॅच्युइटी आणि हा १० टक्के भाग वजा केल्यावर ठोक वेतन साडेसतरा लाखांच्या जवळ आले. त्यातून त्यांचा स्वतःचा पीएफ, २०२५-२६ च्या नव्या करपद्धतीप्रमाणे सुमारे १ लाख ४० हजारांचा प्राप्तिकर आणि अडीच हजारांचा व्यवसाय कर वजा केला, तेव्हा महिन्याला हातात येणारी रक्कम सव्वा लाखाच्या किंचित वर निघाली. नाशिकमध्ये त्यांच्या हातात ९२ हजार पडत होते.

म्हणजे कागदावर वाढ ६८ टक्क्यांची होती आणि हातात येणारी वाढ ३६ टक्क्यांची, दरमहा सुमारे साडेतेहतीस हजारांची. एवढी तफावत पडण्याचे एक महत्त्वाचे कारण कराचे होते. २०२५-२६ पासून नव्या पद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर सवलतीमुळे कर लागत नाही, आणि ७५ हजारांची प्रमाणित वजावट धरली तर पगारदारासाठी ही मर्यादा पावणेतेरा लाखांपर्यंत जाते. नाशिकच्या पगारावर त्यांना एक रुपयाही कर नव्हता. नव्या पगारात ती मर्यादा मागे पडत होती.

घरभाडे भत्त्याच्या सवलतीवर त्यांची मोठी भिस्त होती, कारण मुंबईत मूळ वेतनाच्या ५० टक्क्यांपर्यंत हिशेबात धरता येतात आणि भाडेही भरपूर असते. ही सवलत फक्त जुन्या करपद्धतीत मिळते. म्हणून पीएफसारख्या बचतीवर मिळणारी कलम ८०सी ची दीड लाखांची वजावट पूर्ण धरून, आरोग्य विम्याचे २५ हजार धरून, दरमहा ३५ हजार भाडे भरल्याचे समजून आणि नाशिकचा फ्लॅट भाड्याने दिला असे गृहीत धरून जुन्या पद्धतीने कर काढला, तर तो नव्या पद्धतीपेक्षा ३० हजारांच्या आसपास जास्तच निघाला. ‘भाडे जास्त, पण टॅक्स वाचतो’ हे पूर्वी अनेकांच्या बाबतीत खरे होते. आता प्रत्येकाने स्वतःचे आकडे टाकून ते तपासायला हवे.

यानंतर प्रश्न आला घराचा. नवे कार्यालय विक्रोळीत होते. विक्रोळी, कांजूरमार्ग भागातील चांगल्या इमारतीतल्या टू बीएचकेचे भाडे ऐकून तो पर्याय पहिल्याच दिवशी मिटला, आणि मुलुंडमध्ये ४८ हजारांच्या खाली मनासारखे काही दिसले नाही. राहिली दोन ठिकाणे. ठाण्याचा घोडबंदर रस्ता ३५ हजारांत, आणि डोंबिवली पूर्व २० हजारांत. नकाशावर पाहणाऱ्याला डोंबिवली सरळ वाटते, कारण दोन्ही स्थानके मध्य रेल्वेच्या एकाच मार्गावर आहेत. पण विक्रोळीला जलद लोकल थांबत नाही. डोंबिवलीहून एक तर धीम्या गाडीने सगळा प्रवास करायचा, नाही तर जलद गाडीने ठाण्यापर्यंत येऊन तिथे गाडी बदलायची. सकाळी आठच्या सुमारास ठाण्याच्या पुलावरून एका फलाटाहून दुसऱ्या फलाटावर जाणे हा रोजच्या थकव्याचा स्वतंत्र भाग आहे.

मी त्यांना एकच आग्रह धरला होता, की घर पाहायला रविवारी जाऊ नका, कामाच्या दिवशी जा. दोघेही एका मंगळवारी पहाटे निघून डोंबिवली स्थानकावर पोहोचले आणि पावणेआठच्या धीम्या लोकलच्या गर्दीत शिरण्याचा त्यांनी प्रयत्न केला. पत्नींनी पहिल्या दोन गाड्या सोडल्या, तिसरीत महिलांच्या डब्याच्या दाराशी जेमतेम उभ्या राहिल्या आणि दिव्याला आणखी माणसे चढल्यावर आपला एक हात खांद्याच्या वर अडकला तो मुंब्रा जाईपर्यंत खाली घेता आला नाही, असे त्यांनी मला सांगितले. त्यानंतर थोड्याच दिवसांनी, ९ जून २०२५ रोजी, मुंब्र्याजवळ गर्दीच्या लोकलमधून पडून प्रवाशांचे मृत्यू झाले. घरात आईंनी टीव्हीवर ती बातमी पाहिली आणि डोंबिवलीचा विषय त्या दिवशी बंद झाला. लाखो माणसे त्या मार्गावरून रोज ये-जा करतात, याची त्यांना जाणीव होती. पण ज्यांच्यापुढे दुसरा पर्याय आहे त्यांनी तो जोखून पाहणे हे भित्रेपणाचे लक्षण मी मानत नाही.

घोडबंदरच्या इमारतीत सतराव्या मजल्यावरचा फ्लॅट स्वच्छ आणि हवेशीर होता. सोसायटीच्या फाटकाशी पाण्याचा टँकर उभा होता, आणि उन्हाळ्यात टँकरचा खर्च देखभाल शुल्कात वाढवून घेतला जातो, हे दलालाने विचारल्यावरच सांगितले. तिथून ठाणे स्थानकापर्यंत जायला बसने किंवा रिक्षाने सकाळच्या वाहतुकीत पाऊण तास लागतो, हेही विचारल्यावरच. मालकाने तीन महिन्यांचे भाडे अनामत मागितले आणि दलालाने एक महिन्याचे भाडे दलाली म्हणून. पहिले भाडे आणि सामानाचा टेम्पो धरून घरात पाऊल ठेवण्यापूर्वीच दोन लाखांच्या आसपास रक्कम गुंतत होती. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे असा करार लेखी आणि नोंदणीकृत असावाच लागतो आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकावर असते. येथे मात्र ‘अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही’ असे त्यांना सांगण्यात आले, आणि ते चुकीचे आहे. भाडेकरूने ही नोंदणी आग्रहाने करून घ्यावी, कारण अनामत रक्कम परत मिळण्याबाबत वाद झाला तर हाच कागद त्याच्या हातात असतो.

इथवरचा सगळा हिशेब एका माणसाच्या नोकरीचा होता. निर्णय मात्र कुटुंबाचा होता, आणि आम्ही पत्नींच्या नोकरीकडे वळलो तेव्हा सगळे चित्र पालटले. त्यांच्या हातात दरमहा ८० हजार पडतात. खासगी अनुदानित शाळेतील शिक्षक हा संस्थेचा कर्मचारी असतो. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांना आंतरजिल्हा बदलीचा मार्ग असतो, तसा मार्ग त्यांच्यासाठी नाही. संस्थेची मुंबईत शाखा नव्हती. राजीनामा दिला असता तर कायम मान्यता, सेवाज्येष्ठता आणि वरिष्ठ वेतनश्रेणीचा लाभ, सारे एका पत्राने संपले असते. पुन्हा अनुदानित शाळेत यायचे तर शिक्षक अभियोग्यता चाचणी, शिक्षकभरतीचे पवित्र पोर्टल आणि त्यानंतर माध्यमिक स्तरावर तीन वर्षे दरमहा १८ हजारांच्या मानधनावर शिक्षण सेवक, असा प्रवास चाळिशीत नव्याने सुरू करावा लागला असता. त्यांच्या राष्ट्रीय निवृत्तिवेतन खात्यात शासन मूळ वेतन आणि महागाई भत्त्याच्या १४ टक्के, म्हणजे दरमहा साडेअकरा हजारांच्या घरात रक्कम भरते. तो आकडा तर घरच्या चर्चेत कोणी काढलाच नव्हता, कारण तो हातात पडत नाही.

दोन्ही बाजू शेजारी ठेवल्यावर आकडे असे दिसले. नाशिकमध्ये घरात येणारे एकूण उत्पन्न दरमहा १ लाख ७२ हजार. हप्ता, किराणा, मुलीची शाळा आणि क्लास, आईंची औषधे, पेट्रोल आणि किरकोळ धरून खर्च ९० हजार. शिल्लक ८२ हजार. सगळे कुटुंब ठाण्याला गेले असते तर त्यांचे १ लाख साडेपंचवीस हजार आणि नाशिकच्या फ्लॅटचे १६ हजार भाडे मिळून १ लाख ४१ हजार पाचशे आले असते, आणि खर्च १ लाख ४५ हजारांवर गेला असता, कारण हप्ता तसाच राहून त्यावर ३५ हजारांचे भाडे चढत होते. म्हणजे दरमहा साडेतीन हजारांची तूट. पत्नींनी तिथे एखाद्या खासगी विनाअनुदानित शाळेत २५ हजारांची नोकरी धरली असती, तरी शिल्लक साडेएकवीस हजारांपुढे जात नव्हती. साडेआठ लाखांची वाढ स्वीकारून हे कुटुंब दरमहा ६० हजारांनी मागे पडणार होते.

अशा प्रसंगात घरातल्या स्त्रीची नोकरी ‘दुसरी’ मानून हिशेबाच्या शेवटी धरली जाते आणि तिच्याबद्दल ‘तिकडे काहीतरी मिळेलच’ असे सहज म्हटले जाते, हे मी अनेक घरांत पाहिले आहे आणि मला ते मनापासून खटकते. येथे सुदैवाने स्वतः गृहस्थांनीच तो आकडा पाहिल्यावर सर्व कुटुंबाने हलण्याचा पर्याय बाजूला ठेवला. आईंचे मत त्याआधीच स्पष्ट होते. “मी कुठेही येईन रे, पण सतराव्या मजल्यावर दिवसभर कुणाशी बोलू, तेवढं सांग,” असे त्या म्हणाल्या होत्या. तळमजल्यावरचे घर, वीस वर्षांपासूनचे ओळखीचे डॉक्टर आणि संध्याकाळी जॉगिंग ट्रॅकवर भेटणाऱ्या बायका यांची किंमत कोणत्याच रकान्यात लिहिता येत नव्हती, म्हणून मी ती वहीच्या वरच्या भागात शब्दांत लिहून ठेवली.

मग नकार द्यायचा का? केवळ पैशांचा प्रश्न असता तर मी तेच सुचवले असते. पण त्यांच्या बोलण्यात एक मुद्दा पुन्हा पुन्हा येत होता आणि तो पगाराचा नव्हता. त्यांची नाशिकची कंपनी डिझेल इंजिनच्या इंधनप्रणालीचे सुटे भाग बनवते. नाशिकच्या सातपूर आणि अंबड वसाहतींतील बरेचसे काम वाहन उद्योगावर उभे आहे आणि विद्युत वाहनात इंधनप्रणालीला जागाच नाही. त्यांच्या विभागात नवी गुंतवणूक थांबली होती, निवृत्त होणाऱ्यांच्या जागा भरल्या जात नव्हत्या, आणि त्यांच्या हाताखालच्या तरुण अभियंत्यांनी पुण्याची वाट धरली होती. मुंबईची नोकरी बॅटरीच्या शीतन व्यवस्थेच्या डिझाइनची होती. दहा वर्षांनी, म्हणजे पन्नाशीच्या आसपास, कोणते कौशल्य हातात असलेला माणूस नोकरीच्या बाजारात उभा राहू शकेल, हा खरा प्रश्न होता, आणि त्याचे उत्तर महिन्याच्या शिल्लकीत सापडणारे नव्हते. माझ्या मते या प्रकरणातला हाच सर्वांत वजनदार मुद्दा होता. सुरुवातीचे कित्येक दिवस २१ लाखांच्या आकड्याने तो झाकून टाकला होता.

म्हणून कुटुंब नाशिकलाच राहील आणि ते नोकरी स्वीकारतील, असा पर्याय आम्ही तपासायला घेतला. रोजची ये-जा हा नाशिककरांचा पहिला विचार असतो. पंचवटी एक्सप्रेसने वर्षानुवर्षे मुंबईला नोकरीसाठी जाणारे पासधारक प्रत्येकाच्या ओळखीत असतात आणि त्या गाडीच्या डब्यातले त्यांचे स्वतंत्र विश्व नाशिकमध्ये सर्वांना माहीत आहे. गाडी नाशिकरोडहून सकाळी सातच्या सुमारास निघते, आणि कल्याणला उतरून धीम्या लोकलने विक्रोळी गाठली तरी कार्यालयात पोहोचायला साडेदहा होतात. परतीची गाडी सव्वासहाच्या सुमारास सीएसएमटीहून सुटते. ती कल्याणला पकडायची तर सहाच्या आत कार्यालय सोडावे लागते, आणि घरी पोहोचायला रात्रीचे दहा वाजतात. आठवड्यातून पाच दिवस हे करणारी माणसे आहेत आणि त्यांच्या चिकाटीपुढे मी नतमस्तक आहे, पण नव्या क्षेत्रात शून्यापासून शिकू पाहणाऱ्या माणसाने रोजचे सात-आठ तास प्रवासात घालवावेत, हे मला योग्य वाटले नाही. पावसाळ्यात थळ घाटात एखादी दरड आली की सगळे वेळापत्रक कोलमडते, तेही आहेच. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला आणि मोटारीने जाण्याची चर्चाही घरात झाली. पण महामार्ग भिवंडीजवळ आमण्याला संपतो आणि पुढे ठाण्यापर्यंतच्या कोंडीत वाचवलेला वेळ बराचसा परत जातो. टोल आणि इंधनाचा रोजचा खर्च तर परवडणाराच नव्हता.

शेवटी जो आराखडा तयार झाला तो असा. सोमवारी पंचवटीने जायचे, सोमवार ते बुधवार अशा तीन रात्री मुलुंडला राहायचे, गुरुवारी संध्याकाळच्या पंचवटीने परत यायचे आणि शुक्रवारी घरून काम करायचे. मुलुंडमध्ये दोघांच्या खोलीत पीजीची जागा १२ हजारांत मिळत होती, जेवणाचे सहा, रेल्वेच्या ये-जाचे साडेतीन आणि लोकल-रिक्षाचे दीड हजार धरून महिन्याचा जादा खर्च २३ हजारांवर गेला. हातातल्या साडेतेहतीस हजारांच्या वाढीतून उरत होते फक्त दहा हजार. या दहा हजारांसाठी आठवड्यातून तीन रात्री घराबाहेर काढणे शहाणपणाचे नव्हते, आणि हे त्यांनी कंपनीला तसेच, आढेवेढे न घेता, कळवावे असे ठरले.

वाटाघाटीत त्यांनी एकूण आकडा वाढवून मागितला नाही. तीन गोष्टी मागितल्या. कामगिरीवर अवलंबून असलेल्या १० टक्क्यांपैकी निम्मा भाग निश्चित वेतनात घालावा, शुक्रवारी घरून काम करण्याची मुभा नियुक्तिपत्रात लिहून मिळावी आणि गट आरोग्य विम्यात आईचा समावेश व्हावा. पहिल्या मागणीने हातात येणारी रक्कम दरमहा सुमारे सात हजारांनी वाढत होती आणि कंपनीच्या एकूण खर्चात काहीच भर पडत नव्हती, म्हणून ती लगेच मान्य झाली. सत्तरीपुढच्या, मधुमेह असलेल्या व्यक्तीसाठी स्वतंत्र विमा घ्यायला गेले की हप्ता आणि प्रतीक्षा कालावधी दोन्ही अंगावर येतात, त्यामुळे तिसरी मागणी पैशांत मोजली तरी लहान नव्हती, आणि तीही मान्य झाली. शुक्रवारच्या मुभेवर मात्र मनुष्यबळ विभाग अडून बसला. ‘आमच्याकडे सगळे समजून घेतात, लेखी कशाला हवे’ असे त्यांना सांगण्यात आले. मी लेखीच घ्या असे सुचवले होते, कारण वरिष्ठ बदलले की तोंडी समजूतदारपणाही बदलतो, आणि येथे सगळ्या आराखड्याचा तोल त्या एका दिवसावर होता. चार दिवस ताणल्यावर ‘पहिली दोन वर्षे, कामाच्या गरजेनुसार’ अशा शब्दांत ते पत्रात आले. ‘कामाच्या गरजेनुसार’ ही पळवाट आहे, हे दोघांनाही कळत होते. त्यांनी ती स्वीकारली.

२० जूनला त्यांनी होकार कळवला आणि नोटिशीचा काळ संपवून सप्टेंबरमध्ये ते रुजू झाले. घरात त्यापूर्वी दोन गोष्टी ठरल्या. मुलीची दहावीची परीक्षा २०२७ च्या सुरुवातीला होईल, तोपर्यंत कुटुंबाने हलण्याचा विषय काढायचा नाही, कारण दहावीच्या तोंडावर शाळा बदलणे कोणालाच नको होते. आणि त्यांच्या वाढीव पगारातला खर्च जाऊन उरणारा भाग घरखर्चात न मिसळता कर्जाच्या मुदलात भरायचा. ही दुसरी अट पत्नींनी घातली. हप्ता संपला की नाशिक किंवा मुंबई हा प्रश्न पुन्हा आला तरी त्याचे ओझे निम्मे असेल, असे त्यांचे म्हणणे होते आणि हिशेबाच्या दृष्टीने ते अचूक आहे, कारण ठाण्याला जाण्याच्या आराखड्यात भाडे आणि हप्ता एकाच वेळी भरावे लागणे हीच मुख्य अडचण होती.

या व्यवस्थेची झळ कोणाला बसते, तेही नोंदवायला हवे. सोमवार ते गुरुवार मुलीचे क्लास, आईंचे दवाखाने आणि शाळेची स्वतःची कामे पत्नी एकट्या पाहतात. आईंना घेऊन जाण्यासाठी आठवड्यातून दोनदा ठरलेला रिक्षावाला आणि स्वयंपाकासाठी सकाळची बाई असा साडेपाच हजारांचा खर्च नंतर वाढला, जो माझ्या पहिल्या आराखड्यात नव्हता आणि आता तो जादा खर्चात धरला आहे. शुक्रवारची मुभा आतापर्यंत पाळली गेली आहे. २०२७ च्या परीक्षेनंतर मुलगी अकरावीसाठी कोणती शाखा आणि कोणते शहर निवडते, कर्ज किती उरते आणि ते पत्र नव्याने लिहून मिळते का, या तीन गोष्टी हातात आल्यावर वही पुन्हा उघडायची असे ठरले आहे, आणि त्या वेळी पत्नींचा पगार पहिल्याच ओळीत लिहिला जाईल.